निळं फळ पचेल का?

परग्रहावर वस्ती करायला निघालेल्या माणसांची कादंबरी असली की वाचकांत दोन तट ठरलेलेच. एक म्हणतो, विज्ञान झकास, पण पात्रं पुठ्ठ्याची. दुसरा म्हणतो, माणसांनी रडवलं ना, मग विज्ञानाचं काय घेऊन बसलात! मला गंमत वाटते ती पहिल्या तटाची. यानाचा हिशेब तो डोळ्यांत तेल घालून तपासतो. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी. त्याच्याभोवती फिरणारा ग्रह २०१६ मध्ये सापडला, अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. व्हॉयेजर-१ हे अवकाशयान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं चाललंय. त्या वेगानं तिथे पोचायला ७५ हजार वर्षं लागतील. इथे लेखक चुकला की त्याची धडगत नाही.

मग यान उतरतं. नायिका हेल्मेट काढते, छाती भरून श्वास घेते, झाडावरचं निळं फळ तोडून खाते. आणि यावर कोणी हूं की चूं करत नाही!

या फळाचीच चौकशी करू. १८४८ मध्ये लुई पाश्चर टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून निवडत बसला होता. स्फटिक दोन तऱ्हांचे होते, एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी तसे. दोन ढीग वेगळे केले, पाण्यात विरघळवले, तर एकानं ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश उजवीकडे वळवला आणि दुसऱ्यानं डावीकडे. रेणूंनाही डावं-उजवं असतं. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप पुदिन्यासारखं वासतं, त्याचीच आरशातली जोडी शहाजिऱ्यासारखी. म्हणजे हा फरक आपल्या नाकालाही कळतो.

पृथ्वीवरच्या जीवांनी एकेक बाजू धरून ठेवली आहे. प्रथिनं डाव्या अमिनो आम्लांची, शर्करा उजव्या. अन्न पचवणारी आपली एन्झाइम्स हातमोज्यासारखी. डाव्या मोज्यात उजवा हात जाईल का? डावं ग्लुकोज जिभेला गोड लागतं, पण शरीराला त्यातून ऊर्जा मिळत नाही. त्या ग्रहावरच्या जीवसृष्टीनं उलट बाजू धरली असेल, तर निळं फळ खाऊन वसाहतवाले भरल्या पोटी उपाशी मरतील. (ग्लायसीन या अमिनो आम्लाला डावं-उजवं नसतं, साध्या मेदाम्लांनाही नसतं. पण तेवढ्यावर किती दिवस काढणार?) बाजू जुळली तरी तिथली प्रथिनं आपल्याच वीस अमिनो आम्लांची असतील, असं कुठे आहे?

वाचकांना आवडणारी परग्रही रोगाची साथ मला तर त्याहून कच्ची वाटते. विषाणू स्वतः काही बनवत नाही, पेशीच्या यंत्रणेला आपली जनुकीय लिपी वाचायला लावतो. वेगळ्या लिपीतला मजकूर आपली पेशी वाचणार कशी? विषबाधा किंवा अॅलर्जी होऊ शकेल, ते निराळं.

आणि तो श्वास! हवेत भरपूर मोकळा ऑक्सिजन सहसा आपोआप साठून राहत नाही, खडक आणि वायू त्याला गिळत राहतात. पृथ्वीच्या हवेत तो साठायला लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, तोही सूक्ष्मजीवांच्या प्रकाशसंश्लेषणामुळे. त्यामुळे हेल्मेट काढण्याजोगी हवा दिसली, तर तिथे आधीच कोणीतरी राहतंय असंच धरून चालायला हवं.

‘निम्मं पुस्तक माती आणि खतातच गेलं’ ही अशा कादंबऱ्यांबद्दलची वाचकांची तक्रार तर मला मुळीच पटत नाही. खरा रहस्यपट तिथेच आहे. १९९१ च्या सप्टेंबरात अॅरिझोनाच्या वाळवंटात आठ माणसांनी सव्वा हेक्टरच्या बंद काचघरात दोन वर्षांसाठी स्वतःला कोंडून घेतलं. नाव बायोस्फिअर-२. आत शेत, जंगल, छोटा समुद्रसुद्धा. सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला. चार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर राहावं तशी गत झाली. मातीत सेंद्रिय खत भरपूर घातलं होतं, त्यातले जंतू ऑक्सिजन खात होते. पण मग त्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता, तो कुठे गेला? शोधता शोधता चोर निघाला काँक्रीटमध्ये. नव्या काँक्रीटमधला चुना तो वायू शोषून कॅल्शियम कार्बोनेट होत बसला होता.

जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. दाराबाहेर पृथ्वी होती, म्हणून ते जमलं.