पंखा एकवर ठेवला तरी बिल तेवढंच?

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत तिघा-चौघांत एकेक कॉट भाड्याने घेऊन राहिलेल्या बहुतेकांनी हे ऐकलेलं असतं: ‘पंखा एकवर ठेव नाहीतर पाचवर, बिल तेवढंच!’ समज अगदीच हवेतला नाही. जुन्या खोल्यांत भिंतीवर डब्याएवढा, टकटक फिरणारा रेग्युलेटर असायचा ना, त्यात वेग कमी केला की वाचायला हवी ती बरीचशी वीज आतल्या तारेत उष्णता होऊन जायची. हात लावला तर चांगला गरम लागायचा. आताचे स्विचबोर्डातले छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसे नाहीत. वेग उतरला की वीजही उतरते. साधा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा ३०च्या आसपास. तेव्हा रात्री थंडी वाजत असेल तर चादर ओढण्याआधी बटण फिरवा. खोलीतल्या चौघांचं एकमत झालं तर!