वंडर वुमनच्या बारा कसोट्या

अमेरिकेतील डीसी कॉमिक्सच्या 'वंडर वुमन' या नियतकालिकाच्या २१२ ते २२२ या अंकांतून (१९७४–७६) प्रसिद्ध झालेली चित्रकथामाला. जस्टिस लीग हा महानायकांचा संघ पूर्वी सोडून गेलेली वंडर वुमन म्हणजेच डायना परत रुजू होण्याआधी आपली पात्रता बारा वेळा सिद्ध करून दाखवते, हे तिचे कथासूत्र आहे.

१९६० साली जस्टिस लीग पहिल्यांदा छापील पानावर आली तेव्हा डायना तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होती. १९६८ मध्ये लेखक डेनी ओ'नील आणि चित्रकार माइक सेकॉव्स्की यांनी तिचे रूपच पालटले. ॲमेझॉन स्त्रिया, म्हणजे ग्रीक पुराणातील ज्या योद्ध्या स्त्रियांच्या कुळातली डायना आहे त्या, दुसऱ्या मितीत निघून जातात. डायना मागे राहते, पण शक्ती गमावून. मग ती कपड्यांचे दुकान चालवते, आय चिंग या अंध गुरूकडून हाताने लढण्याची विद्या शिकते आणि १९६९ च्या सुरुवातीला लीगचाही निरोप घेते. हा बदल अनेक वाचकांना खटकला. स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टायनेम यांच्या 'मिस' (Ms.) मासिकाने जुलै १९७२ च्या मुखपृष्ठावर जुन्याच वेषातली वंडर वुमन छापली. पुढे २०४ व्या अंकात (१९७३) तिला शक्ती परत मिळाल्या, पण मधल्या वर्षांची स्मृती पुसली गेली.

कसोट्यांची कथा याच विस्मृतीतून निघते. आपण लीग सोडली होती हे तिला सहकाऱ्यांकडून कळते, आणि ज्या मनाला एवढा काळ आठवत नाही त्याच्यावर इतरांचा जीव कसा सोपवायचा, हा प्रश्न तिला पडतो. लीगची दारे तिला उघडी असतात. आधी माझ्यावर नजर ठेवा, मग ठरवा, असा आग्रह तीच धरते. एवढे स्वाभिमानी पाऊल त्या काळच्या चित्रकथांतील फार थोड्या नायिकांच्या वाट्याला आले.

प्रत्येक कामगिरीवर लीगचा एक सदस्य लपून लक्ष ठेवतो आणि नंतर हकिगत सांगतो. सुरुवात सुपरमॅनपासून होते, शेवटचा निरीक्षक बॅटमॅन असतो. पहिल्या भागात (लेखक लेन वाइन, चित्रकार कर्ट स्वॉन) तिची गाठ स्त्रियांना वश करणाऱ्या कॅव्हेलियर या खलनायकाशी पडते. पुढचे भाग कॅरी बेट्स, एलियट मॅगिन, मार्टिन पास्को आदींनी लिहिले. संपादक ज्युलियस श्वार्ट्‌झ जस्टिस लीगचे नियतकालिकही सांभाळत असल्याने दर अंकाला नवा पाहुणा आणणे त्यांना सोपे होते. या रचनेची किंमत मात्र नायिकेने मोजली: तिच्याच नियतकालिकात तिचे पराक्रम दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागतात, आणि लीगची सदस्य असलेल्या ब्लॅक कॅनरी या नायिकेचा अपवाद सोडला तर ते तोंड पुरुषाचे असते.

बारा हा आकडा हर्क्युलिसच्या बारा कामगिऱ्यांवरून घेतलेला आहे, आणि इथे कथा तिच्या कर्त्यांना बहुधा वाटली त्याहून अधिक खोल जाते. ग्रीक पुराणात हर्क्युलिसची नववी कामगिरी म्हणजे ॲमेझॉन राणी हिपोलिटाचा कमरपट्टा आणणे. वंडर वुमनचे निर्माते विल्यम मार्स्टन यांनी १९४१ मध्ये रचलेल्या मूळ कथेत हिपोलिटा ही डायनाची आई. हर्क्युलिस कपटाने तो पट्टा पळवतो आणि ॲमेझॉनांना बेड्या घालतो. डायनाच्या मनगटांवरची कडी त्याच दास्याची आठवण आहेत. ज्या पराक्रमांच्या यादीत आपल्या आईची लूट नोंदलेली आहे, त्याच यादीच्या साच्यात मुलगी स्वतःला पारखून घेते. एकाही भागाने हा धागा नीट हाताळला नाही, ही मालिकेची मोठी उणीव होय.

२२२ व्या अंकाबरोबर कसोट्या संपल्या आणि १९७६ मध्ये डायना लीगमध्ये परतली. दरम्यान लिंडा कार्टर यांची वंडर वुमनवरील दूरचित्रवाणी मालिका लोकप्रिय होऊ लागली होती. तिच्याशी मेळ साधण्यासाठी २२८ व्या अंकापासून (१९७७) नियतकालिकातील कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेण्यात आली. तिथली वंडर वुमन 'दुसऱ्या पृथ्वी'वरची, म्हणजे डीसीच्या कथांतील एका समांतर जगातली, वेगळी वंडर वुमन होती. कसोट्या देऊन आलेली डायना त्यानंतर काही काळ मुख्यतः जस्टिस लीगच्या पानांवरच भेटत राहिली.