मीडिया लायब्ररी सॉफ्टवेअर (एमपीथ्री प्लेयरचं)

मीडिया लायब्ररी सॉफ्टवेअर म्हणजे कॉम्प्युटरवरची गाणी गायक, अल्बम, वर्ष, प्रकार अशी लावून ठेवणारा आणि त्यातली हवी ती खिशातल्या प्लेयरमध्ये भरून देणारा प्रोग्राम. ॲपलचं आयट्यून्स हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं आणि सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेलं नाव, बाकी विनॅम्प, मीडियामंकी, म्युझिकबी, फूबार २०००, विंडोज मीडिया प्लेयर, सोनीचं सॉनिकस्टेज, मायक्रोसॉफ्टचं झून अशी बरीच मंडळी. मुंबईत एक काळ असा होता की लोकलमध्ये कानात वायर घालून दारात उभ्या असलेल्या माणसाच्या घरी यातलं एखादं तरी असायचंच, किंवा मग काहीच नसायचं आणि तो स्टेशनबाहेरच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणायचा, त्याबद्दल खाली येईलच.

फोल्डर की डेटाबेस

गाणी प्लेयरमध्ये नुसती कॉपी करायची की सॉफ्टवेअरच्या यादीतून भरायची, या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. १९९८ साली रिओ पीएमपी ३०० हा प्लेयर आला तेव्हा त्यात ३२ एमबी जागा होती, म्हणजे १२८ केबीपीएसची जेमतेम अर्धा तास गाणी. आठ गाण्यांना कसली आलीय लायब्ररी, कॉपी करा आणि निघा. मग ९ जानेवारी २००१ ला आयट्यून्स आलं (ॲपलने साउंडजॅम नावाचा दुसऱ्यांचा प्रोग्राम विकत घेऊन त्यावरच ते उभं केलं होतं) आणि त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला ॲपलचाच ५ जीबीचा आयपॉड, खिशात हजार गाणी. हजार गाण्यांची एकच यादी केली तर माणूस अंधेरीपासून दादरपर्यंत नुसतं चाक फिरवत बसेल, म्हणून गायक, अल्बम असे कप्पे आले, आणि कप्पे करायचे तर प्रत्येक फाइल उघडून आत काय लिहिलंय ते वाचायला हवं. प्लेयरमधल्या बारक्या प्रोसेसरला ते काम जड, बॅटरीही खाणार, त्यामुळे ते कॉम्प्युटरवर उरकून तयार यादीच प्लेयरला द्यायची असं ठरलं. डोकं लावलेलंच होतं त्यात, त्याबद्दल तक्रार नाही.

पण याची किंमत अशी की आयपॉडमध्ये गाणी लपवलेल्या फोल्डरात जातात, एफ००, एफ०१ असे त्यातले उपफोल्डर आणि फाइलला चार अक्षरांचं भलतंच नाव, कुठलं गाणं कुठे आहे ते फक्त आयट्यून्सडीबी नावाच्या एका फाइलला ठाऊक. तुम्ही पेनड्राइव्ह समजून आत गाणं ओढून टाकलंत तर ते तिथे पडून राहील, जागा खाईल, वाजणार मात्र नाही, कारण यादीत त्याचं नाव नाही. रेशन कार्डावर नाव नाही तर धान्य नाही, तसंच. आणि उलट, प्लेयरमधलं गाणं कॉम्प्युटरवर परत घ्यायचं तर सरळ रस्ताच ठेवलेला नव्हता, त्यासाठी लोकांनी वेगळे प्रोग्राम लिहिले, विनॅम्पचे प्लगइन आले, लिनक्सवाल्यांचं जीटीकेपॉड आलं.

एक प्लेयर एका लायब्ररीचा, हा दुसरा नियम. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलात तर सॉफ्टवेअर विचारतं की आतलं पुसून इथलं भरू का. माझा एक अनुभव, कंपनीचं नाव घेत नाही. २००७ च्या गणपतीत गिरगावला मामाकडे गेलो होतो, प्लेयरची बॅटरी संपलेली, वेगळा चार्जर नव्हताच, यूएसबीवरच चार्ज व्हायचा, म्हणून मामेभावाच्या कॉम्प्युटरला लावला. एक खिडकी उघडली, इंग्रजीत तीन ओळी आणि खाली येस-नो. बाहेरून आरतीला हाका चाललेल्या, येस दाबलं आणि गेलो. परत येऊन बघतो तर माझी साडेतीनशे गाणी साफ आणि जागी मामेभावाच्या लायब्ररीतली अकरा, त्यातली दोन विंडोजबरोबर फुकट येणारी. मामी म्हणाली, अरे आरती तरी पूर्ण मिळाली ना तुला.

सुरुवातीला विंडोजवाल्यांना आयट्यून्स मिळतच नव्हतं. २००२ मध्ये विंडोजसाठी आयपॉड आला तो म्युझिकमॅच ज्यूकबॉक्सवर चालायचा, आयट्यून्स विंडोजवर आलं ते ऑक्टोबर २००३ मध्ये, आणि येताना एकटं आलं नाही, क्विकटाइम सोबत, पुढे बोंजूर, अपडेट विचारत राहणारं एक, मोबाइल डिव्हाइस सर्व्हिस एक, म्हणजे पाहुणा एक सांगितला आणि वऱ्हाड उतरलं. २५६ एमबी रॅमच्या असेंबल्ड मशीनवर ते उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. त्यात बऱ्याच घरी यूएसबी जुनं, १.१ वालं, ५ जीबी भरायला दीड तासाच्या आसपास सहज जायचा. पण मोठा घोटाळा विंडोजवर नाही, मॅकवर झाला होता. नोव्हेंबर २००१ मध्ये आयट्यून्स २ चा इन्स्टॉलर असा होता की डिस्कच्या नावात स्पेस वगैरे असेल तर जुनी आवृत्ती पुसताना तो डिस्कवरचं बाकीचंही पुसून टाकू शकायचा. ॲपलने तो लगेच मागे घेऊन २.०.१ काढला.

टॅग, म्हणजे खरी डोकेदुखी

लायब्ररी ज्याच्या जोरावर चालते ते टॅग. एमपीथ्री फाइलमध्ये गाण्याची माहिती लिहायची आयडीथ्री पद्धत १९९६ ची, आणि पहिल्या आवृत्तीत सगळी माहिती फाइलच्या शेवटी १२८ बाइटमध्ये कोंबायची: गाण्याचं नाव ३० बाइट, कलाकार ३०, अल्बम ३०. इंग्रजीला ठीक आहे. आता 'लता मंगेशकर' हे देवनागरीत यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरने अक्षरं साठवायची एक पद्धत) घालून बघा, एका चिन्हाला तीन बाइट, काना-मात्रा-अनुस्वार धरून १० चिन्हं आणि मधली स्पेस १ बाइट, झाले ३१. एका बाइटने लताबाईंचा शेवटचा 'र' तुटतो आणि जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. पुढच्या आवृत्तीत ही लांबीची अट गेली, पण स्वस्त प्लेयर कित्येक वर्षं जुनंच वाचत बसले आणि नवं वाचणाऱ्या कितीतरींकडे देवनागरी फाँटच नव्हता, त्यामुळे मराठी माणसाने मराठी गाणी निमूटपणे रोमनमध्ये लिहिली.

रोमनमध्ये लिहिली आणि मग शोधत बसला. विठ्ठल एका ठिकाणी एका टी ने, दुसरीकडे दोन, तिसरीकडे टीटीएच, चौथ्याने टीएचटीएच. यमन कुणी वाय-ए ने लिहिलेला कुणी वाय-ई ने, म्हणजे चक्क येमेन देश. भीमसेन जोशी साधे, 'पंडित' लावून, 'पीटी टिंब' लावून, आणि 'पीटी' ला टिंब नसलेले, असे चार वेगळे गायक माझ्या प्लेयरमध्ये होते आणि चौघांची मिळून गाणी बावीस. इंग्रजी बँडच्या नावातला 'द' सोडून पुढच्या अक्षरावर लावायचं हे आयट्यून्सला येतं, पंडित-उस्ताद सोडायचं येत नाही. २००७ च्या आसपास सॉर्टिंगसाठी वेगळी जागा मिळाली, पण ती हाताने भरायची, कोण भरतंय.

जॉनरचा तर विनोदच. पहिल्या आयडीथ्रीमध्ये प्रकार लिहायला एक बाइट, त्यात ठरलेल्या ८० प्रकारांपैकी एकाचा नंबर टाकायचा. त्या ८० मध्ये पोल्का होता (पोलकं नव्हे, नाचाचा), ख्रिश्चन रॅप होता, अभंग, लावणी, नाट्यगीत, भावगीत यातलं काहीही नव्हतं. सगळं 'एथनिक' किंवा 'अदर' मध्ये. पुढे विनॅम्पने यादी वाढवली आणि 'फोक' आलं, म्हणजे कोळीगीताला निदान दार तरी उघडलं.

याच्याही खोलात एक प्रश्न आहे, तो म्हणजे 'आर्टिस्ट' म्हणजे कोण. ही सगळी व्यवस्था बँड आणि अल्बम डोळ्यांपुढे ठेवून केलेली, एक बँड, एक अल्बम, बारा गाणी. आपल्याकडे सिनेमाचं गाणं म्हणजे गायक एक, संगीतकार दुसरा, गीतकार तिसरा, पडद्यावर नट चौथा आणि लोक चौघांच्याही नावाने शोधतात. सुधीर फडक्यांचं गाणं म्हटलं की त्यांनी गायलेलंही आणि त्यांनी चाल लावलेलंही, सॉफ्टवेअरला दोन्ही एकत्र दाखवायला सांगितलं की ते कम्पोझर आणि आर्टिस्ट अशा दोन खोल्यांत घेऊन जातं. आठ गाण्यांत पाच गायक असलेल्या सिनेमाचे एकाच नावाचे पाच अल्बम दिसायला लागतात, प्रत्येकात एक-दोन गाणी. यावर उपाय 'अल्बम आर्टिस्ट' भरणं किंवा 'कम्पायलेशन' वर टिक करणं, हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि कळल्यावर एक अख्खा पावसाळा टिका मारण्यात गेला.

काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून (२०१६ मध्ये बंद झालं) सीडी आणून कॉम्प्युटरवर उतरवणारे एक पायरी वर होते, त्यांना सीडीडीबी किंवा फ्रीडीबी या इंटरनेटवरच्या सीडींच्या याद्यांवरून नावं आपोआप मिळायची. ती ओळख पटायची ट्रॅक कुठे सुरू होतात त्या वेळांवरून, आवाजाचा काही संबंध नाही, त्यामुळे वेळा जुळल्या की कीर्तनाची सीडी भलत्याच कुठल्यातरी परदेशी नावाने उतरायची. कीर्तनाचा आणखी एक ताप म्हणजे 'भाग १' नंतर 'भाग १०' लागतो, मग ११, मग २. बुवा पूर्वरंगातून थेट उत्तरंगात. आकड्याआधी शून्य लावा, ०१, ०२, तर सुटतं. आणि ख्यालात विलंबित संपून द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलला की मध्ये क्षणभराचा खड्डा, तो एमपीथ्रीच्या घडणीतच आहे, फाइलच्या दोन्ही टोकांना शांततेचा तुकडा चिकटतो. आयपॉडमध्ये तो भरून निघाला २००६ च्या आयट्यून्स ७ पासून, रॉकबॉक्सवाले (प्लेयरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी घालायचं ते रॉकबॉक्स) आणि फूबारवाले तोवर आमच्याकडे आधीच आहे म्हणून हसत होते.

तरी लोक का वापरत होते

स्मार्ट प्लेलिस्ट. या एका गोष्टीसाठी मी बाकी सगळं माफ करतो. जुलै २००२ च्या आयट्यून्स ३ मध्ये आली, पुढे मीडियामंकी वगैरेंनी अजून चांगली केली. नियम लिहायचा: आपण गाण्याला दिलेल्या चार किंवा जास्त चांदण्या, गेल्या तीन महिन्यांत न ऐकलेलं, एकूण १ जीबीच्या आत. रात्री केबल लावायची, सकाळी विरार स्लोमध्ये रोज वेगळी गाणी आणि सगळी आवडीचीच, रेडिओला जमलं नाही ते. गाडीत उभ्या उभ्या चांदण्या द्यायच्या, कुठलं गाणं किती वेळा वाजलं ते प्लेयर मोजतो आणि घरी जोडल्यावर हिशोब कॉम्प्युटरवर परत येतो. हा हिशोब फार खरा असतो. मी चारचौघांत सांगायचो की मी शास्त्रीय ऐकतो, प्ले काउंट लावून बघितलं तर पहिल्या वीसात एकही राग नाही आणि दुसऱ्या नंबरवर हळदीचं गाणं.

दुसरी कमी बोलली जाणारी सोय, गाण्याच्या ऑप्शनमध्ये दोन टिका असतात, 'रिमेंबर प्लेबॅक पोझिशन' आणि 'स्किप व्हेन शफलिंग'. कीर्तन, प्रवचन, पन्नास मिनिटांचा ख्याल यांना या दोन्ही लावून टाकायच्या, मग दादरला उतरताना बुवा जिथे थांबले तिथूनच संध्याकाळी पुढे सुरू होतात आणि शफलवर डीजेच्या गाण्यामागून अचानक दरबारी सुरू होत नाही. प्लेयरला स्क्रीनच नसेल तर, २००५ चा आयपॉड शफल तसाच होता, ही यादी कॉम्प्युटरवर नीट करून घेणं हाच एक मार्ग. त्याच्यासाठी जड फाइल भरताना छोट्या करून देण्याची सोयही होती.

स्टेशनबाहेरची लायब्ररी

मनीष मार्केट, हिरापन्ना, लॅमिंग्टन रोडला मिळणारे बिनानावाचे चिनी प्लेयर आणि नंतर कार्डवाले फोन यांना यातलं काहीच लागत नव्हतं, पेनड्राइव्हसारखे लागायचे, ओढा आणि टाका. म्हणून कटकट नव्हती असं नाही. यातले बरेचसे गाणी नावाप्रमाणे नाही तर कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात, फॅट टेबलात, म्हणजे कार्डावरच्या फाइलींच्या नोंदवहीत, जशी नोंद तसं. केबल 'सेफली रिमूव्ह' न करता खेचली तर ते टेबलच बिघडायचं आणि गाण्यांच्या जागी चित्रविचित्र चिन्हांच्या फाइल.

आणि हे सगळं नको असेल तर स्टेशनबाहेर मोबाइल रिपेअरिंगचं टपरीएवढं दुकान, काचेवर 'गाणी भरून मिळतील'. कॉपीराइटचं म्हणाल तर सरळ बेकायदा, कुणी आव आणायचं कारण नाही. पण लायब्ररी म्हणून बघितली तर त्या पोराची व्यवस्था वरच्या सगळ्यांपेक्षा आपल्याला जवळची होती. फोल्डरची नावं अशी: जुनी मराठी, भक्ती, कोळी, हळद, गणपती डीजे, सॅड, नवी हिंदी. कलाकार वगैरे भानगडच नाही, प्रसंगावर लावलेलं. "भाऊ, दोन जीबी भरून दे, आईसाठी पाहिजे" एवढं सांगितलं की तो चार फोल्डर उचलून टाकायचा आणि त्यात एकही सॅड नसायचं.

नंतर

२०१२ च्या डिसेंबरात आयट्यून्सचं गाण्यांचं दुकान भारतात उघडलं, तोवर लोक फोनवर ऐकायला लागले होते. झून प्लेयर २०११ मध्ये बंद झाला होता, भारतात तो कधी अधिकृतपणे आलाच नाही. २०१९ मध्ये मॅकवर आयट्यून्सचे तुकडे करून म्युझिक, टीव्ही, पॉडकास्ट अशी ॲप झाली आणि आयपॉड भरायचं काम फाइंडरकडे (मॅकवर फाइल बघायचा प्रोग्राम) गेलं, मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉडही बंद केल्याचं जाहीर झालं. आताचे महागडे प्लेयर कार्ड घातलं की टॅग स्वतःच वाचून यादी करतात, त्यामुळे मधला माणूस गेला, टॅग मात्र आपल्यालाच नीट करायचे, एमपीथ्रीटॅग किंवा म्युझिकब्रेन्झचं पिकार्ड घेऊन.

माझी जुनी लायब्ररी फाइल अजून आहे. उघडली की निम्म्या गाण्यांपुढे उद्गारचिन्ह येतं, कारण ती ज्या ई ड्राइव्हवर होती ती डिस्कच कधीची गेली. गाणं नाही, पण ते किती वेळा ऐकलं आणि शेवटचं २००८ च्या कुठल्या रात्री किती वाजता, ते सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे.