पीट पॉसलथ्वेट यांचे नाट्यप्रधान चित्रपट

पीट पॉसलथ्वेट (७ फेब्रुवारी १९४६ – २ जानेवारी २०११) हे ब्रिटिश रंगभूमीवरून चित्रपटात आलेले चरित्र अभिनेते. उंच गालफडे, खोल गेलेले डोळे आणि जाडसर नाक असा त्यांचा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. नाव मात्र भल्याभल्यांना धड उच्चारता येत नसे. ते बदलण्याचा सल्लाही त्यांना मिळाला होता, पण त्यांनी तो मानला नाही.

त्यांचा जन्म इंग्लंडच्या वायव्येकडील वॉरिंग्टन येथे एका कामगारवर्गीय कॅथलिक कुटुंबात झाला. तरुणपणी धर्मगुरू होण्याचा विचार त्यांच्या मनात होता. पुढे शिक्षकी पेशा पत्करून त्यांनी काही काळ मँचेस्टरमध्ये नाट्यविषय शिकवला आणि मग ब्रिस्टल ओल्ड विक या नाट्यशाळेत प्रवेश घेतला. १९७०च्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमॅन थिएटरमध्ये ज्युली वॉल्टर्स, जोनाथन प्राइस, बिल नाय अशी मंडळी त्यांच्यासोबत होती. त्यानंतर ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेले. चित्रपटात ठळकपणे दिसू लागले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्यामुळेच असेल, पडद्यावर ते पुन्हा पुन्हा बाप म्हणून, नाहीतर बापाच्या जागी असलेला माणूस म्हणून आले.

यातला पहिला बाप सर्वांत भयंकर आहे. टेरेन्स डेव्हिस यांचा ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’ (१९८८) लिव्हरपूलमधील एका घराच्या १९४०–५०च्या दशकांतील आठवणी सांगतो. स्वित्झर्लंडमधील लोकार्नो चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. या घरातला बाप बायको-मुलांना बेदम मारणारा. तोच बाप नाताळच्या आदल्या रात्री झोपलेल्या पोरांकडे मायेने पाहतो आणि दुसऱ्या दिवशी टेबलावरचे जेवण हिसडा मारून खाली पाडतो. या दोन कृतींची सांगड दिग्दर्शक घालून देत नाही, आणि पॉसलथ्वेटही घालत नाहीत. त्याचे मन उलगडून दाखवण्याचा मोह त्यांनी टाळला म्हणूनच तो खरा वाटतो. चित्रपटाच्या उत्तरार्धात हा बाप नाही, तरी घरातून तो गेल्यासारखा वाटत नाही.

जिम शेरीडन यांच्या ‘इन द नेम ऑफ द फादर’मधील (१९९३) जुझेप्पे कॉनलन हा त्याच्या अगदी उलट स्वभावाचा, सौम्य, प्रार्थना करणारा आणि छातीच्या विकाराने खंगलेला. कथेला सत्य घटनेचा आधार आहे. १९७४मध्ये गिल्डफर्ड येथील पबमध्ये झालेल्या बाँबस्फोटांच्या प्रकरणात बेलफास्टच्या जेरी कॉनलनला निरपराध असताना जन्मठेप झाली. मुलासाठी वकील पाहायला लंडनला आलेल्या बापालाही अटक झाली आणि १९८०मध्ये शिक्षा भोगत असतानाच त्याचा मृत्यू झाला. मुलाची सुटका १९८९मध्ये झाली. बापाचे नाव निर्दोष ठरायला १९९१ उजाडले. चित्रपटात बापलेक एकाच कोठडीत आहेत. प्रत्यक्षात तसे नव्हते, आणि चित्रपटाने घेतलेल्या या कलात्मक स्वातंत्र्यावर टीकाही झाली. पण चित्रपटाचा जीव त्या कोठडीतच आहे, हेही मान्य करावे लागते. जेरीची भूमिका करणारे डॅनिअल डे-लुईस पॉसलथ्वेट यांच्यापेक्षा जेमतेम अकरा वर्षांनी लहान. पाहताना हे ध्यानातही येत नाही. बाप गेल्यावर कैदी खिडक्यांतून पेटते कागद खाली सोडतात, तेव्हा पॉसलथ्वेट पडद्यावर नसतात, तरी तो प्रसंग त्यांच्याच नावावर जमा होतो. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. पारितोषिक ‘द फ्युजिटिव्ह’साठी टॉमी ली जोन्स यांना गेले.

मार्क हर्मन यांच्या ‘ब्रास्ड ऑफ’मध्ये (१९९६) ते डॅनी या बँडप्रमुखाच्या भूमिकेत आहेत. यॉर्कशरमधील कोळशाची खाण बंद होऊ घातलेली, कामगार कर्जात बुडालेले, आणि हा म्हातारा मात्र वाद्यवृंद स्पर्धेच्या ध्यासात. चित्रपटातील ग्रिमली हे गाव ग्रिमथॉर्पवरून बेतलेले आहे आणि त्यातले संगीतही ग्रिमथॉर्पच्या खाणकामगारांच्या बँडनेच वाजवले आहे. फुप्फुसात कोळशाची धूळ साचून डॅनी इस्पितळात पडतो; त्याचे साथीदार रात्री खिडकीखाली, डोक्यावरचे दिवे लावून वाजवतात. त्या प्रसंगात पॉसलथ्वेट यांना फक्त ऐकायचे आहे, आणि ते ऐकणे पाहण्यासारखे आहे. शेवटी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डॅनी करंडक नाकारतो. संगीताला आपण सर्वस्व मानत होतो, पण माणसांपुढे त्याची काय किंमत, असे तो म्हणतो. या भाषणाचा तुकडा पुढे चंबावांबा या बँडच्या ‘टबथंपिंग’ गाण्याच्या अल्बममधील आवृत्तीत आरंभी वापरला गेला.

जुझेप्पे आणि डॅनी या दोन्ही भूमिकांत दम लागणे हे केवळ आजाराचे लक्षण उरत नाही. वाक्य कुठे तुटणार, हे तो दमच ठरवतो.

हॉलीवूडमधील त्यांची कामे बहुधा छोटी आहेत. ‘द युज्वल सस्पेक्ट्स’मधील (१९९५) कोबायाशी हा वकील नावाने जपानी, पण त्याच्या बोलण्याला भारतीय उपखंडाची छटा. आज अशी निवड वादात सापडली असती. तिथे मात्र हा विसंगतपणाच रहस्याला पोसतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९७मध्ये त्यांना ‘द लॉस्ट वर्ल्ड’ व ‘अमिस्टाड’ अशा दोन चित्रपटांत घेतले आणि जगातला सर्वोत्तम नट म्हणून त्यांची वाखाणणी केली. त्यावर पॉसलथ्वेट हसून म्हणत, ‘पीटला वाटतं की तो जगातला सर्वोत्तम नट आहे,’ असे स्पीलबर्ग म्हणाले असावेत. ‘रोमिओ + ज्युलिएट’ (१९९६) व ‘द कॉन्स्टंट गार्डनर’ (२००५) यांतही ते आहेत.

‘इन्सेप्शन’मध्ये (२०१०) ते पुन्हा बाप आहेत, मरणशय्येवरचे उद्योगपती मॉरिस फिशर. धापा टाकत उच्चारलेल्या एका शब्दाभोवती मुलाचे सारे दुःख फिरते. त्याच वर्षीच्या ‘द टाउन’मध्ये बॉस्टनचा फुलविक्या गुंड त्यांनी थंड क्रौर्याने उभा केला. त्यासाठीचे बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचे नामांकन जाहीर झाले, तेव्हा कर्करोगाने त्यांचे निधन होऊन काही दिवस लोटले होते.