पार्श्वभूमी : पोकळ अंडं, पॉलिमर क्ले आणि ‘माती’ या शब्दाचा गुंता

अंड्याच्या कवचावर नक्षी काढण्याची हौस फार जुनी. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याचा कोरलेला तुकडा मिळाला, तो सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा मानतात. दक्षिण आफ्रिकेतले असे तुकडे ६० हजार वर्षांपर्यंत मागे जातात. युक्रेनची मेणाने रेखलेली अंडी आणि इराणची नवरोजची रंगीत अंडी बहुतेकांना ठाऊक असतात. नागपुरात आज पोकळ अंड्यावर पॉलिमर क्ले (मळता येणारं, भाजल्यावर घट्ट होणारं रंगीत प्लास्टिक) चढवून नक्षी करण्याचा जो छंद चालतो, त्याचं मूळ मात्र उन्हाळी हॉबी क्लासमध्ये आहे.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं एप्रिल-मेच्या सुट्टीत गल्लोगल्ली हे क्लास चालत. कूलरसमोर सतरंजी टाकून दहा-बारा मुली आणि दोन-चार काकू बसायच्या. सिरॅमिक पावडर फेविकॉलमध्ये कणकेसारखी मळायची आणि तिची पानंफुलं मटक्यावर चिकटवायची. कुणी ब्रेडचे गुलाब करायचं, कुणी ‘शिल्पकार’ या एपॉक्सी लगद्याचे दोन गोळे एकत्र मळून भिंतीवरची म्युरल्स. अंडं भेटायचं ते शाळेत, कार्यानुभवाच्या तासाला. रिकाम्या टरफलावर डोळे-नाक रंगवून कागदाची टोपी घातली की जोकर तयार. मटक्यावरचं काम आणि शाळेतलं टरफल एकत्र आलं, तिथे आपल्याकडची ही कला सुरू झाली असं मला ठामपणे वाटतं. पॉलिमर क्ले नंतर आला. आधी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून, मग ऑनलाइन खरेदी रुळल्यावर कुरिअरने थेट दारात.

त्याची स्वतःची कथा थोडक्यात सांगते. १९३०च्या दशकात जर्मनीत बाहुल्या बनवणाऱ्या एका बाईंना बाहुल्यांच्या डोक्यांसाठी नवं द्रव्य हवं होतं. जे हाती आलं ते कारखान्याच्या कामाचं निघालं नाही, पण त्यांच्या मुलीने त्याच्याशी खेळत त्यात जीव ओतला. १९६४ साली ते एका लेखनसाहित्याच्या कंपनीकडे गेलं आणि फिमो या नावाने जगभर पोचलं. अमेरिकेतला स्कल्पी साठच्या दशकातलाच. तिथल्या कारागिरांनी पुढे व्हेनिसच्या काचकामातली मिलेफिओरी पद्धत यात आणली. रंगीत वळ्या एकत्र जुळवून लांब दांडा करायचा आणि त्याच्या चकत्या कापायच्या, प्रत्येक चकतीत तेच फूल. अंड्यावर आज दिसणारं बहुतेक काम या चकत्यांचंच आहे.

खरा घोळ आहे तो नावाचा. पॉलिमर क्ले म्हणजे मुळात माती नव्हेच. पीव्हीसी प्लास्टिकचे बारीक कण प्लास्टिसायझरमध्ये, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या तेलकट द्रव्यात, कालवलेले असतात, उष्णता लागली की ते एकजीव होऊन घट्ट होतात. पॉलिमरला मराठीत बहुवारिक हा चांगला शब्द आहे, पण ‘बहुवारिक माती’ म्हटलं तरी चूक तशीच राहते. इकडे बाजारात हवेवर वाळणारा क्ले, थाई क्ले, एपॉक्सी, सगळ्यांना सरसकट ‘क्ले’ म्हणतात आणि अनेकदा सरसकट ‘पॉलिमर क्ले’सुद्धा. यात नुकसान अंड्याचं होतं. हवेवर वाळणाऱ्या क्लेमधलं पाणी उडालं की तो आकसतो. आतलं कवच मात्र आकसत नाही. एका दुकानातून पॉलिमर म्हणून आणलेला असाच क्ले मी बदकाच्या अंड्यावर चढवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पोटावरून केसासारखी बारीक भेग गेलेली, संध्याकाळपर्यंत तीत नख जाईल एवढी फट. आठ दिवसांचं काम गेलं. खरा पॉलिमर क्ले ओव्हनमध्ये भाजताना जवळपास आकसत नाही, म्हणूनच तो अंड्यावर टिकतो.

शब्दाची दुसरी बाजू नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, कळते. तिथे माती म्हणजे पाण्यात विरघळणारी वस्तू, आणि पीओपीच्या वादानंतर तर या अर्थाला फारच वजन आलं आहे. म्हणून शहरातल्या एका हस्तकला प्रदर्शनाने क्लेची अंडी आधी ‘मातीकाम’ विभागात घेतली आणि पुढच्या वर्षी ‘इतर’मध्ये टाकली, तेव्हा आमच्या गटात सरळ दोन तट पडले. हाताने मळतो, घडवतो, मग माती का नाही, असं एका बाजूचं म्हणणं. मला तो निर्णय योग्य वाटला. शाडूच्या मूर्तीशेजारी प्लास्टिकचं अंडं त्याच रांगेत बसवणं हा मूर्तिकारांवर अन्याय होता. मात्र ‘इतर’ म्हणजे लोकरीच्या पर्सशेजारचं टेबल, आणि तेही या कामाला शोभत नाही. वेगळा विभाग हवा.

हे प्लास्टिक आहे हे एकदा मान्य केलं की पुढच्या खबरदाऱ्या आपोआप समजतात. प्लास्टिसायझरमधल्या थॅलेट्स नावाच्या काही रसायनांवर युरोपने २००५ साली आणि अमेरिकेने २००८ साली मुलांच्या खेळण्यांसाठी निर्बंध आणले, त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी क्लेची घडण बदलली. तापमान फार चढलं तर क्ले जळून झोंबरा धूर सुटतो. म्हणून ओव्हनमध्ये वेगळं थर्मामीटर लागतं, आणि खाण्याचा ओव्हन वेगळा असलेला बरा.

अंडं रिकामं करायला पाडलेल्या भोकाचंही तसंच. सिरिंजने बलक काढून, कवच धुऊन पूर्ण सुकवल्यावर नवशिके दोन्ही भोकं क्लेने बुजवतात. ३० अंशांची हवा १३० अंशांवर नेली की ती सुमारे एक तृतीयांशाने फुगू पाहते. वाट नसेल तर ती क्ले उचलते नाहीतर कवच फोडते. सुईएवढं भोक ठेवायचं आणि ते भाजून झाल्यावरच बुजवायचं.

गंमत अशी की ज्या सुट्टीतून हे सगळं सुरू झालं, तीच आता अडचणीची झाली आहे. पारा ४५ला टेकला की क्लेचा दांडा सुरीखाली चपटा होतो आणि फुलाच्या पाकळ्या एकमेकींत मिसळतात. आमच्यातल्या बऱ्याच जणी मे महिन्यात दांडा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पहाटे चकत्या कापतात. काहींनी नवे वर्ग दिवाळीनंतरच्या थंडीवर नेले आहेत.