समुद्राशी युद्ध आणि समुद्रातले युद्ध

हिब्रू शास्त्रात (बायबलच्या जुन्या करारात) परमेश्वराला योद्धा म्हटलेले वाचले की बहुतेकांना तांबड्या समुद्राचा प्रसंग, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) सुटलेल्या इस्राएल लोकांना समुद्रातून वाट मिळाल्याचा प्रसंग आठवतो, आणि परमेश्वराने समुद्राला नमवल्याचे सांगणारी स्तोत्रेही त्याच प्रसंगाविषयी असावीत असे धरून चालले जाते. वस्तुतः ही दोन निराळी युद्धे आहेत: एकात समुद्र हे शस्त्र आहे, तर दुसऱ्यात समुद्रच शत्रू आहे.

ही सुटका सांगणाऱ्या निर्गम या पुस्तकाच्या 15व्या अध्यायातील गीतात शत्रू म्हणजे फारो हा मिसरचा राजा आणि त्याचे रथदळ. समुद्राचे स्वतःचे कोणाशीच वैर नाही. परमेश्वराच्या श्वासासरशी पाणी राशीसारखे उभे राहते, त्याने पुन्हा फुंकर घालताच ते मिसरी सैन्यावर कोसळते आणि सैनिक शिशासारखे बुडतात. इस्राएल लोक तर शस्त्रही उचलत नाहीत. परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा, असे त्यांचा नेता मोशे याने त्यांना आदल्याच अध्यायात सांगितलेले आहे.

74व्या स्तोत्रात मात्र परमेश्वर समुद्र दुभंगतो, जलराक्षसांची मस्तके फोडतो, लिव्याथान या समुद्री राक्षसाची डोकी ठेचतो आणि लगोलग दिवस-रात्र, सूर्य, उन्हाळा-हिवाळा यांची घडी बसवतो. फारोचे नावही येत नाही. ही प्रतिमा कनानी प्रदेशाच्या जुन्या कथांशी जुळते. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा येथे 1929 पासून झालेल्या उत्खननात उगारित नगरातील मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांत बाल हा देव याम या समुद्रदेवाशी झुंजतो. कोथर हा कारागीर देव बालला दोन सोटे देतो. पहिल्याचा घाव यामच्या खांद्यांवर बसतो, तरी तो ढळत नाही. दुसरा कपाळावर बसतो तेव्हा तो जमिनीवर पडतो.

घोटाळ्याचे कारण शास्त्रातच आहे. निर्गमाचे गीत विजयानंतर पर्वत, पवित्रस्थान आणि अक्षय राज्य या क्रमाने संपते आणि बालच्या कथेतही विजयामागून राजपद व मंदिर येते. फ्रँक मूर क्रॉस या अभ्यासकाने या साम्यावर विशेष भर दिला. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 51व्या अध्यायात तर राहाब या जलराक्षसाचा वध आणि सुटून आलेल्यांसाठी समुद्रात झालेली वाट, हे दोन्ही लागोपाठच्या ओळींत येते. माझ्या मते ही सरमिसळ जाणूनबुजून केलेली आहे: बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहूदी बंदिवानांना परतीचा भरवसा द्यायचा, तर सृष्टीच्या आरंभीचे बळ आणि मिसरातली सुटका एकाच हाताची आहे, हे सांगणे भाग होते.

दोन्हींचा सूर मात्र अगदी वेगळा आहे. निर्गमात नुकत्याच मिळालेल्या विजयाचा जल्लोष आहे, मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन पुढे होते. 74व्या स्तोत्रात शत्रूंनी पवित्रस्थानातील कोरीव काम कुऱ्हाडी-हातोड्यांनी फोडून त्याला आग लावली आहे, आणि कवी प्राचीन पराक्रमाची आठवण देत देवाला विचारतो की तू आपला उजवा हात का आवरून धरला आहेस. त्याला उत्तर मिळत नाही. स्तोत्राच्या शेवटच्या ओळीतही वैऱ्यांचा गोंगाट वाढतच असतो.