बांधणीला टाकण्याआधी एकदा वाचनालयात जाऊन या

(आमच्या बाइंडिंगच्या दुकानाकडून, रत्नागिरी शहर आणि आसपासच्या गिऱ्हाइकांसाठी)

नमस्कार.

जुनं पुस्तक घेऊन तुम्ही दुकानाची पायरी चढलात की आम्ही आधी 'कापडी करू की रेक्झिन?' असं विचारत नाही. विचारतो ते 'हे पुस्तक वाचनालयात मिळतंय का, बघितलंत?' एका काकांनी त्यावर तोंडावर सुनावलं, "तुम्हाला धंदा नकोय काय?" धंदा हवाच आहे. पण नुसतं वाचायचंच असेल, तर तेच पुस्तक पाच मिनिटांवर धडधाकट अवस्थेत मिळत असताना फाटक्या प्रतीच्या शिलाईला पैसे घालण्यात अर्थ नाही. आजोबांच्या हातची वही, घरातली पोथी, कोणाची सही असलेली प्रत, ती मात्र जरूर आणा. तिला पर्याय नाही. दर वेळी हे सांगत बसण्यापेक्षा एकदाच छापून काउंटरवर ठेवावं, म्हणून हे पत्रक.

आपल्याकडचं वाचनालय

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं म्हणून ते ओळखलं जातं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबईचं १८९८ चं. खाली पणजीला पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं सरकारी ग्रंथालय, आजचं कृष्णदास शामा ग्रंथालय, त्याचं सालही १८३२. म्हणजे आपलं त्याच्याही आधीचं. २०२८ साली आपल्या वाचनालयाला २०० वर्षं होतील. गावात एवढं असून 'पुस्तक कुठे मिळेल हो?' हा प्रश्न बाइंडरला विचारला जातो, याची गंमत वाटते.

यातली बरीचशी वाचनालयं सरकारी नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसतं. लोकांनी संस्था काढल्या, चालवल्या. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली आला. त्यानुसार सरकार अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून अशा वाचनालयांना अनुदान देतं. वाचनालय एकदा वर्गात बसलं की त्याला हिशेब, नोंदवही, उघडण्याच्या वेळा हे सगळं पाळावं लागतं. कार्यकारी मंडळ सभासद निवडतात. त्यामुळे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस फळ्यावर लागली की वाचून पुढे जाऊ नका, सभेला जा. 'बालविभागात नवीन काही येत नाही' ही तक्रार आमच्या काउंटरवर केलीत तर आम्ही मान डोलावू. सभेत केलीत तर इतिवृत्तात नोंद होईल.

आम्हाला वाचनालय कसं दिसतं

वाचनालयांची फाटलेली पुस्तकं गठ्ठ्यांनी आमच्याकडे येतात. गाव काय वाचतं ते त्या गठ्ठ्यावरून कळतं. न वाचलेलं पुस्तक फाटत नाही. पाकक्रियेच्या पुस्तकाला हळदीचे डाग आणि मोदकाच्या पानावर बोटांचे ठसे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा, त्याही पहिल्या पन्नास पानांपुरत्या. लहान मुलांच्या पुस्तकांचा कणाच नाहीसा झालेला. रहस्यकथेचं शेवटचं पान गायब असलेल्या तीन प्रती आम्ही एकाच गठ्ठ्यात पाहिल्या आहेत. कोणी केलं ते वाचनालयाने शोधावं, आम्ही आपलं कोरं पान घालून दिलं.

दिवाळी अंकांची गोष्ट वेगळी. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी आली की मराठी वाचकाला अंक लागतातच. वाचनालयांत त्यासाठी वेगळी वर्गणी भरून योजना चालते, अंक घराघरांतून फिरतात. मार्च उजाडला की मुखपृष्ठ गेलेले, पिना गंजलेले अंक आमच्याकडे येतात. चार-पाच अंक एकत्र शिवून एक जाड पुस्तक करतो. पुढे कोणाला जुनी कथा हवी असली की हीच बांधलेली बाडं कामाला येतात. असे अंक घरी रद्दीत घालण्याआधी वाचनालयात विचारून बघा. त्यांच्या संचात एखादं वर्ष कमी असतं आणि ते तुमच्या माळ्यावर निघतं, असं झालेलं आहे.

तिथे मिळतं काय

घरी नेण्याची पुस्तकं तर सगळ्यांना माहीत आहेत. संदर्भ विभागात मात्र फार थोडे लोक जातात. तिथली पुस्तकं घरी देत नाहीत, बसूनच वाचायची. केतकरांचा ज्ञानकोश २३ खंडांचा आहे, तो विकत घेऊन घरात ठेवेल कोण? मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे सरकारी माहितीग्रंथाचा, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० साली निघाला. जुन्या जिल्ह्यातली बंदरं, पिकं, बाजार, देवस्थानं यांची माहिती त्यात आहे. गावाचा इतिहास लिहायला घेतलेल्यांनी आधी तो चाळावा. इंग्रजीत आहे, पण गावांची नावं ओळखता येतात. गॅझेटिअर आता राज्य सरकारच्या संकेतस्थळावरही आहे आणि मराठी विश्वकोश तर फुकट वाचता येतो. ज्यांना मोबाइलवर वाचायला जमतं त्यांनी तिथून वाचावं. आमच्या डोळ्यांना जमत नाही.

वर्तमानपत्रं वाचायला बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर पेन्शनर मंडळींचं राज्य असतं, आतलं पान मागावं लागतं. अभ्यासिका असेल तिथे परीक्षेची मुलं रात्रीपर्यंत बसतात. सभासद होण्यासाठी साधारण एक फोटो, पत्त्याचा पुरावा, अनामत आणि वर्गणी लागते. अनामत परत मिळते, म्हणून तिची पावती जपून ठेवा. ती पावती पुस्तकातच खूण म्हणून घालून पुस्तक परत करणारे लोक आहेत. आम्हाला शिलाई उसवताना अशा पावत्या सापडतात.

पुस्तक कपाटात कुठे आहे हे कण्यावरच्या चिठ्ठीवरून कळतं. काही वाचनालयांत ड्यूई पद्धतीचे, म्हणजे विषयवार ठरवलेले आकडे असतात. तिथे ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. काही ठिकाणी साधा दाखल क्रमांक आणि विषयाचं अक्षर असतं. बांधणी झाल्यावर तो आकडा नवीन कण्यावर आम्ही पुन्हा लिहितो, आणि तो चुकला तर पुस्तक असूनही हरवल्यात जमा. म्हणून घरी नेलेल्या पुस्तकावरची चिठ्ठी सुटली असेल तर फेकू नका, तशीच पानात ठेवून द्या.

वर्षभर काय चालतं

१२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. वाचनालयांतले कार्यक्रम बहुतेक या तारखांच्या आगेमागे असतात. शिवाय ग्रंथालय संचालनालयाच्या योजनेतून जिल्ह्याचा ग्रंथोत्सव होतो. तिथे ग्रंथदिंडी, व्याख्यानं आणि पुस्तकांचे स्टॉल असतात. नक्की तारीख वाचनालयाच्या फळ्यावर लागते. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या नातवंडांसाठी तात्पुरतं सभासदत्व मिळतं का, हेही विचारून घ्या. महिनाभर मुलं मोबाइल घेऊन पडवीत बसण्यापेक्षा बरं.

कार्यक्रमाला गेलात तर खुर्चीखाली ओली छत्री ठेवा, पुस्तकांच्या टेबलावर नको. हे लिहावं लागतं.

पाऊस, कसर आणि सेलोटेप

आता आमच्या खऱ्या विषयाकडे. कोकणातल्या पुस्तकाला तीन शत्रू आहेत: दमट हवा, कीड आणि प्रेमाने दुरुस्ती करणारा वाचक. तिसरा सगळ्यात वाईट.

वाचनालयाचं पान फाटलं की लोक सेलोटेप लावतात. दोन-चार वर्षांत तो पिवळा पडतो, चिकटा कागदात मुरतो, आणि टेप ओढला की अक्षरंही निघून येतात. पान फाटलं असेल तर तसंच न्या आणि ग्रंथपालांना सांगा. दंड होईल म्हणून लपवू नका. लपवलेली फाट आमच्याकडे येईपर्यंत वीतभर झालेली असते.

आम्ही पातळ कागद आणि मैद्याची खळ वापरतो. खळीत चिमूटभर मोरचूद घालतो, म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी असतं. त्यामुळे बांधलेलं पुस्तक चघळणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नका आणि थुंकी लावून पानं उलटू नका. कपाटात कडुलिंबाचा पाला, वेखंड ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे, फक्त पाला वाळलेला हवा. पुस्तकं भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. आपल्याकडे जूनपासून भिंतच घामेजते आणि बुरशी तिथूनच चढते.

पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नका, इस्त्री तर अजिबात नाही. पानं वाकडी होतात आणि पुठ्ठा पाठ सोडतो. पंख्याखाली उभं ठेवा, मधे मधे टिपकागद घाला आणि तो बदलत राहा. फार पुस्तकं भिजली असतील आणि लगेच हात लावता येणार नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि थंडीत ती थांबते. मग एकेक काढून वाळवता येतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवत असेल. चिखलात रुतलेलं पुस्तक जोर लावून उघडायचं नसतं, हे त्या वर्षी अनेकांना कळलं. आधी बंद असतानाच बाहेरचा चिखल धुवायचा.

बांधता येईल की नाही, घरीच बघा

जुन्या पानाचा एक कोपरा हलकेच दुमडा, उलट्या बाजूने पुन्हा दुमडा. दोनदा दुमडल्यावर कोपरा तुटून हातात आला, तर ते पुस्तक शिवता येणार नाही. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, तेच त्याला आतून खातं. अशा कागदात सुई घातली की भोकाभोकाने पान फाटतं, आणि पैसे घेऊन असं काम आम्ही करत नाही. त्याचे फोटो काढा किंवा स्कॅन करा, मूळ प्रत पेटीत आडवी ठेवा. गावाशी संबंधित काही असेल, म्हणजे जुना अहवाल, शाळेचं हस्तलिखित, नाटक मंडळीचं हस्तपत्रक, तर वाचनालयाला विचारा, त्यांच्या संग्रहात नाही असं निघू शकतं.

झेरॉक्सबद्दल एकच. अभ्यासासाठी हवी ती पानं काढून देऊ. अख्खं पुस्तक काढून वर बांधणीही मागू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतो. त्याहून जुनं असेल तर खुशाल आणा, कोणी किती साली गेलं ते बघून मग ठरवू.

आमच्याकडची व्यवस्था

जुजबंदी, म्हणजे फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) दोऱ्याने शिवून केलेली बांधणी, सगळ्यात टिकते आणि पुस्तक सपाट उघडतं. नुसत्या गोंदाच्या बांधणीतली पानं वाचनालयाच्या वापरात सुटतात, ती फक्त प्रोजेक्टच्या वह्यांना ठीक. जून ते सप्टेंबर खळ वाळत नाही. एरवी आठ दिवसांत होणाऱ्या कामाला या दिवसांत तीन आठवडे धरा, आणि रोज फोन करून विचारू नका. गणपतीत दुकान पाच दिवस बंद असतं. वाचनालयाचं पुस्तक परस्पर आमच्याकडे दुरुस्तीला आणू नका, आम्ही ते घेत नाही. ग्रंथपालांची चिठ्ठी असेल तरच घेतो.